बॅटरी बसल्यावर मीटरवर दिव्यांची रांग: महागड्या गाडीतला खरा बिघाड कसा शोधायचा

महिनाभर उभी असलेली बीएमडब्ल्यू पाच सिरीज जम्प देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर, सुरू केली, की पहिल्या मिनिटातच मीटरवर एकामागून एक इशारे यायला लागतात. ड्राइव्हट्रेन, चॅसिस, स्टिअरिंग, पार्किंग ब्रेक, एअरबॅग, टायर प्रेशर. स्कॅन मारला तर गाडीने नोंदवलेल्या बिघाडांच्या कोडची यादी संपता संपत नाही. मालकाच्या पोटात गोळा येतो आणि समोरचा माणूस म्हणतो, "साहेब, मॉड्यूल गेलंय." लाखाच्या घरातला खर्च बऱ्याचदा या एका वाक्यापासून सुरू होतो, आणि त्यातला बराचसा टाळता येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: व्होल्टेज पूर्ववत झाल्याशिवाय एकाही कोडवर विश्वास ठेवू नका आणि एकही भाग बदलू नका. आधी बॅटरी, मग चार्जिंग आणि अर्थिंग (निगेटिव्हची बॉडी-इंजिनशी जोडणी), मग कोड पुसणे, मग गाडीला विसरलेल्या गोष्टी पुन्हा शिकवणे. एवढं झाल्यावर जो दिवा परत लागतो, तोच खरा बिघाड. हा क्रम मोडला की माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

हा लेख मुख्यतः बीएमडब्ल्यूची २०१० नंतर आलेली एफ१० पिढीची पाच सिरीज समोर ठेवून लिहिला आहे. जुन्या बाजारात ही गाडी भरपूर दिसते आणि तिच्या विजेच्या रचनेत या वर्गातल्या गाड्यांची बहुतेक वैशिष्ट्यं आहेत. मर्सिडीज आणि ऑडीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. हायब्रीड किंवा पूर्ण इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या, उच्च व्होल्टेजच्या केबलच्या आसपासही हात घालू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

एवढे कोड येतात कुठून

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, दरवाजे, सीट, ऑडिओ या प्रत्येकाचा वेगळा कंट्रोलर असतो (यालाच मॉड्यूल म्हणतात) आणि ते सगळे डेटा बसवरून, म्हणजे सामायिक तारांवरून, सतत एकमेकांशी बोलत असतात. बॅटरी उतरत जाते तसे हे कंट्रोलर एकाच क्षणी बंद पडत नाहीत. एखादा साडेदहा व्होल्टला गप्प होतो, एखादा नऊला. जो अजून जागा असतो तो नोंद करतो, की ब्रेकच्या कंट्रोलरकडून उत्तर येत नाही. ब्रेकवाला इंजिनबद्दल तेच लिहून ठेवतो. सेल्फ मारताना व्होल्टेज आणखी कोसळतं आणि नोंदींची दुसरी खेप तयार होते. म्हणजे चाळीस कोड दिसले तरी चाळीस बिघाड झालेले नसतात. एकाच उपासमारीची ती चाळीस जणांनी केलेली तक्रार असते.

गाडी उघडण्याआधी

पूर्ण बसलेल्या बॅटरीवर रिमोट चालत नाही. रिमोटच्या पोटात धातूची साधी किल्ली असते, ती काढून ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. बॉनेटची ओढ यांत्रिक असते, त्यामुळे बॉनेट उघडतं. डिकी मात्र विजेवर उघडते, आणि एफ१० ची बॅटरी नेमकी डिकीत आहे. म्हणूनच बॉनेटखाली लाल झाकणाचं पॉझिटिव्ह टोक आणि अर्थिंगचा बोल्ट दिलेला असतो. जम्प आणि चार्जर दोन्ही तिथेच लावायचे असतात. पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू७ मध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, तिथेही बॉनेटखालची टोकंच वापरायची.

दोन गोष्टी इथे जपा. बॅटरी सोडलेली असताना डिकी चुकूनही बंद करू नका. कुलूप विजेचं असेल तर ती परत उघडताना तारांबळ उडते. आणि दोन दरवाजांची, काचेला चौकट नसलेली कूपे असेल तर दरवाजा आपटू नका. अशा गाड्यांची काच दरवाजा उघडताना किंचित खाली सरकते. वीज नसली की ती सरकत नाही आणि रबरावर आदळते.

गाडी ढकलायचा विचार सोडून द्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्क्यावर सुरू होत नाही, गिअर 'पी'मध्ये अडकलेला असतो आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक विजेशिवाय सुटत नाही. न्यायचीच वेळ आली तर टोचन लावून ओढू नका, फ्लॅटबेड मागवा.

जम्प देताना

शक्य असेल तर जम्प टाळून थेट चार्जर लावा. गाडी आहे तिथून हलवायचीच असेल तर पुढचा क्रम पाळा. लाल केबलचं एक टोक बसलेल्या गाडीच्या पॉझिटिव्हला, दुसरं मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल आधी मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या बॉनेटखालच्या अर्थिंग बोल्टला. हे शेवटचं टोक बॅटरीजवळ लावायचं नाही, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि ठिणगी पुरेशी ठरते. जोडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. लगेच सेल्फ मारला तर सगळा भार केबलवर येतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

मदतीची गाडी १२ व्होल्टचीच हवी. हायवेवर ट्रकवाले आपुलकीने मदतीला थांबतात, पण ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती जोडली तर खरोखरच मॉड्यूल जळतात. केबल उलट्या लावल्या तरी तसंच: मुख्य फ्यूज उडतो आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. अशी उलटी जोडणी झाल्याची शंका असेल तर ती लपवू नका, इलेक्ट्रिशियनला पहिल्यांदा तेच सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल.

इंजिन सुरू झाल्यावर, "अल्टरनेटर चालतोय का बघू" म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. या गाड्यांत ते कदापि करू देऊ नका. चालू इंजिनवर बॅटरी सुटली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर ३०-४० व्होल्टपर्यंत उसळू शकतं. जी मॉड्यूल्स अजून शाबूत आहेत ती त्या क्षणात जातात.

पूर्ण चार्ज: इथे घाई नको

जम्पवर सुरू झालेली गाडी तासभर फिरवली की बॅटरी भरते, हा समज चुकीचा आहे. ९० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्यावर आली असेल तर तिला ४५ अँपिअर-अवर परत द्यायचे असतात. शहरातल्या रहदारीत एसी, पंखे, दिवे सुरू असताना अल्टरनेटरकडे तेवढं शिल्लक राहत नाही, आणि पूर्ण रिकामी बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर टाकलं तर तोही तापतो. १० अँपिअरच्या चार्जरला हेच काम साडेचार तास लागतं आणि वरचा शेवटचा हिस्सा हळू भरत असल्याने त्याहून अधिक. ५ अँपिअरचा असेल तर रात्रभर धरून चाला.

एफ१० मध्ये बहुधा एजीएम प्रकारची (आतलं अ‍ॅसिड काचतंतूंच्या मॅटमध्ये शोषलेली, सीलबंद) बॅटरी असते. चार्जरवर एजीएमचा पर्याय निवडा. व्होल्टेज १४.८ च्या वर जायला नको. काही चार्जरमध्ये बॅटरी 'दुरुस्त' करण्याचा मोड असतो, त्यात व्होल्टेज १५.५ च्याही पुढे जातं. बॅटरी गाडीत जोडलेली असताना तो मोड वापरू नका.

चार्जरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला थेट लावू नका, बॉनेटखालच्या अर्थिंग बोल्टला किंवा बॉडीला लावा. बीएमडब्ल्यूत निगेटिव्ह टर्मिनलवर आयबीएस नावाचा छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज गेली आणि किती आली, याचा हिशेब तो ठेवतो. चार्जर थेट खांबाला लावला तर वीज सेन्सरला वळसा घालून जाते, हिशेबात धरली जात नाही आणि बॅटरी भरूनही गाडी ती रिकामीच समजते. मग 'बॅटरी डिस्चार्ज होत आहे' हा इशारा जात नाही आणि लोक चांगली बॅटरी फेकून देतात. ऑडी आणि मर्सिडीजच्या अशा सेन्सरवाल्या गाड्यांनाही हाच नियम लागू आहे.

फारच खोल उतरलेली बॅटरी स्मार्ट चार्जर ओळखतच नाही. लाल दिवा लावून गप्प बसतो. अशा वेळी बॅटरी बाहेर काढून बॅटरीवाल्याकडे मंद चार्जिंगला देणं चांगलं. बाहेर काढताना आधी निगेटिव्ह सोडा, लावताना निगेटिव्ह शेवटी.

बॅटरी जगली की गेली

चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका. वरवरचा चार्ज फसवतो. गाडी लॉक करून रात्रभर झोपू द्या आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव शिल्लक. रात्री भरलेली बॅटरी सकाळी १२.४ च्या खाली दिसली तर एकतर बॅटरी थकली आहे किंवा गाडीत काहीतरी वीज खातंय. दोन्हींतला फरक कळायला पुन्हा चार्ज करा आणि त्या रात्री निगेटिव्ह सोडून ठेवा. सुटी असूनही उतरली तर दोष बॅटरीचा. जोडलेली असतानाच उतरत असेल तर दोष गाडीचा.

भरपूर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकत असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, त्यामुळे हिशेब सरळ आहे. ती बॅटरी बदला, त्यावर आणखी वेळ घालवू नका.

दुसरी चाचणी सेल्फ मारतानाची. कोणालातरी बटण दाबायला सांगा आणि बॉनेटखालच्या टोकांवर मीटर धरा. इंजिन फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जायला नको. चांगली बॅटरी उन्हाळ्यात दहाच्या वरच राहते. उभ्याने १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फला आठवर कोसळत असेल तर ती आतून संपली आहे.

मर्सिडीजवाल्यांसाठी एक सूचना. अनेक मर्सिडीजमध्ये दोन बॅटऱ्या असतात. डब्ल्यू२२१ एस क्लासमध्ये सुरुवातीसाठी एक बॅटरी बॉनेटखाली आणि बाकी यंत्रणेसाठी मोठी डिकीत. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या इतर मॉडेलांत एक छोटी सहायक बॅटरी दडलेली असते. मोठी बदलली आणि दिवे तसेच राहिले, तर छोटीकडे कोणी पाहिलंच नाही असं बहुधा निघतं.

चार्जिंग आणि अर्थिंग

इंजिन चालू ठेवून टोकांवर मोजा. १३.८ ते १४.८ व्होल्ट हवेत. एक बारकावा लक्षात ठेवा: या पिढीत अल्टरनेटर इंजिन कंट्रोलरच्या सांगण्यावर चालतो. बॅटरी भरलेली असेल तर व्होल्टेज मुद्दाम १३ च्या खाली येतं आणि ब्रेक दाबल्यावर किंवा उतारावर वर जातं. त्यामुळे एका आकड्यावरून अल्टरनेटर गेला असं ठरवू नका. हेडलाइट, मागच्या काचेचं हीटर आणि एसीचा पंखा पूर्ण लावून बघा. तरीही १३ च्या खालीच घुटमळत असेल तर शंका रास्त आहे.

अर्थिंगकडे फार कमी लोक बघतात आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं, कारण तपासणी फुकट आहे. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या खाऱ्या हवेत ही पट्टी वरून धड दिसते आणि आतून हिरवी झालेली असते. बोल्ट खोलून सँडपेपरने घासून परत आवळला, की दहा वेगवेगळ्या कंट्रोलरच्या तक्रारी एकदम थांबू शकतात.

आता स्कॅनर

बॅटरी भरली, चार्जिंग ठीक, अर्थिंग ठीक. आता कोड वाचा. गाडीच्या ओबीडी, म्हणजे बिघाड तपासणीच्या, सॉकेटला लावायचा साधा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतो. इथे गाडीच्या सगळ्या कंट्रोलरशी बोलणारं साधन हवं: बीएमडब्ल्यूला बिमरलिंक किंवा आयएसटीए, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, मर्सिडीजला झेंट्री. हे साधन असलेला स्वतंत्र ऑटो इलेक्ट्रिशियन आता बहुतेक मोठ्या शहरांत सापडतो. स्कॅन चालू असताना चार्जर लावून ठेवायला सांगा, कारण इग्निशन चालू ठेवून तासभर काम केलं की बॅटरी परत उतरते आणि नवे खोटे कोड बनतात.

पहिला स्कॅन पुसण्याआधी साठवून ठेवा. त्यात दोन गोष्टी पाहा. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याची नोंद. 'यू'ने सुरू होणारे कोड म्हणजे संपर्क तुटल्याच्या नोंदी, उदाहरणार्थ यू०१०० हा इंजिन कंट्रोलरचा आणि यू०१२१ हा एबीएसचा. बीएमडब्ल्यूत अनेक कोडसोबत त्या वेळचं किलोमीटर रीडिंगही साठवलेलं असतं. बहुतेक सगळ्या कोडवर एकच किलोमीटर असेल आणि तो बॅटरी बसली तेव्हाचा असेल, तर ती सगळी उपासमारीची यादी. एखादा कोड दोन हजार किलोमीटर आधीचा निघाला तर त्याला वेगळं काढा. तो बॅटरी बसण्याआधीपासून होता, आणि कदाचित बॅटरी त्याच्यामुळेच बसली.

मग सगळे कोड पुसा, गाडी बंद करून लॉक करा, अर्धा तास झोपू द्या, परत सुरू करा आणि वीस-पंचवीस किलोमीटर नेहमीसारखी चालवा. दुसरा स्कॅन घ्या. यादी किती आटली ते बघून तुम्हाला हायसं वाटेल.

गाडीला विसरलेलं पुन्हा शिकवणे

वीज गेल्यावर काही भाग आपली जागा विसरतात. यात बिघाड काही नसतो. पण इथेही लोक मोटर बदलून बसतात.

स्टिअरिंग आणि डीएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा सर्वांत जास्त घाबरवतो. इंजिन चालू ठेवून गाडी उभीच असताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर आणा. त्यानंतर काही अंतर सरळ चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. नाही गेला तर स्कॅनरमधून स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करावा लागतो.

काच एका दाबात वर जात नसेल किंवा वर जाऊन परत खाली येत असेल, तर काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद ओढून धरा. काही मॉडेलांत पूर्ण खाली नेऊनही तसंच धरावं लागतं. प्रत्येक दरवाजाला हे वेगवेगळं करायचं.

सनरूफसाठी बटण वरच्या, म्हणजे तिरपं उघडायच्या, दिशेने दाबून धरा. काही सेकंदांनी छत स्वतः पूर्ण उघडून बंद होतं. हे चक्र संपेपर्यंत बोट काढू नका, मधेच सोडलं तर पहिल्यापासून करावं लागतं. आणि त्या वेळी बोटाला काही अडलं तर थांबण्याची सुरक्षा काम करत नसते, म्हणून मुलांना लांब ठेवा.

टायर प्रेशर मेनूतून रीसेट करा, पण आधी हवा खरोखर भरून. घड्याळ, तारीख, सीटची मेमरी हे किरकोळ. गिअरबॉक्स पहिले काही दिवस जरा झटके देऊ शकतो, तो आपली सवय परत लावून घेतो. महिन्यानंतरही झटके राहिले तर मात्र तेल आणि कोड दोन्ही बघायला हवेत.

स्क्रीन किंवा ऑडिओ अडकला असेल तर एफ१० मध्ये आवाजाची गोल कळ अर्धा मिनिट दाबून धरा, सिस्टिम नव्याने सुरू होते. ऑडीच्या जुन्या एमएमआयमध्ये (स्क्रीन-ऑडिओच्या यंत्रणेत) सेटअप बटण, मधली मोठी गोल कळ आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातली कळ एकत्र दाबायची.

जे उरलं ते खरं

इतकं करूनही एखादा कोड परत परत येत असेल, तर त्याचा गांभीर्याने माग काढा. पहिलं काम फ्यूज. एफ१० मध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला आणि डिकीत अशा दोन ठिकाणी फ्यूज आहेत. डोळ्यांनी बघून भागत नाही, मीटरने फ्यूजच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात का ते बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा टाकू नका. वायर जळण्याचा धोका असतो.

दुसरं, पाणी. डिकीचा गालिचा आणि खालचं आवरण उचलून दोन्ही कडांच्या खळग्यांत हात फिरवा. सनरूफच्या आणि काचेखालच्या पाणी जाण्याच्या नळ्या पिंपळ-गुलमोहराच्या पानांनी तुंबल्या, की पावसाळ्यात पाणी आत उतरतं, आणि या गाड्यांची कित्येक मॉड्यूल्स नेमकी जमिनीलगत किंवा डिकीत असतात. बीएमडब्ल्यूचा अँप्लिफायर, मर्सिडीजचं मागचं एसएएम (फ्यूज आणि विजेचं वाटप सांभाळणारं) युनिट ही त्यातली नेहमीची बळी. ओलं झालेलं मॉड्यूल रात्री झोपत नाही, वीज खात राहतं, आणि मग बॅटरी बसते. म्हणजे बसलेली बॅटरी हा परिणाम आणि तुंबलेली नळी हे कारण. ओलं कनेक्टर दिसलं तर निगेटिव्ह सोडा, कनेक्टर काढून वाळवा, हिरवा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा. नळी साफ केल्याशिवाय नवं मॉड्यूल लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरं, उंदीर. महिनाभर उभ्या गाडीत बॉनेटखाली लेंड्या, कापूस, कुरतडलेलं आवरण दिसलं तर आधी तिथली वायरिंग तपासा. एखादीच वायर कुरतडलेली असली तरी तिच्यावरचे चार-पाच कंट्रोलर एकदम गप्प होऊ शकतात.

एखाद्या बसवरचे सगळेच कंट्रोलर गायब असतील तर इलेक्ट्रिशियनला त्या बसचा रोध मोजायला सांगा. बॅटरीची जोडणी काढून कॅन बसच्या (कंट्रोलरना जोडणाऱ्या मुख्य डेटा बसच्या) दोन तारांमध्ये साधारण ६० ओम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओमचे दोन रोध समांतर असतात. १२० आले तर कुठेतरी तार तुटली आहे, शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर हे मोजता येतं, पण एफ१० सारख्या गाडीत तिथून फक्त गेटवेपर्यंतचा (वेगवेगळ्या बसना जोडणाऱ्या मॉड्यूलपर्यंतचा) भाग कळतो. पुढच्या भागासाठी त्या त्या ठिकाणी मोजावं लागतं. फक्त ऑडिओ, फोन आणि नेव्हिगेशन एकत्र मेलं असेल तर मोस्ट नावाच्या फायबरच्या कड्यातलं एखादं मॉड्यूल उत्तर देत नाहीये. कडं एका जागी तुटलं की सगळंच थांबतं. फायबर जोडून घ्यायचा छोटा लूप लावून एकेक मॉड्यूल वगळलं की दोषी सापडतं.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मीटरही लावू नका. तो दिवा राहिला तर काम वर्कशॉपलाच द्या.

बॅटरी मुळात का बसली?

सगळे दिवे गेले म्हणून हा प्रश्न सोडू नका. गाडी झोपलेली असताना ती २० ते ५० मिलिअँपिअर घेते, ते साहजिक आहे. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ आणि महिन्याला सुमारे २२ अँपिअर-अवर. नव्या ९० च्या बॅटरीला ते सहज झेपतं. पण गळती ३०० मिलिअँपिअरची असेल तर दिवसाला ७.२, आठवड्यात ५० अँपिअर-अवर, म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी आठवड्यात खलास.

मोजायचं असं. बॉनेट आणि डिकी उघडी ठेवून त्यांचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला ती बंद वाटतील. मग लॉक करा, किल्ली दहा पावलं लांब ठेवा आणि तासभर थांबा. एफ१० मध्ये गिअरच्या दांड्यावरचा 'पी'चा दिवा विझला की गाडी झोपली असं समजा. तो विझतच नसेल तर कोणीतरी तिला जागं ठेवतंय, हे तिथेच कळतं. मग डीसी क्लॅम्प मीटर (तार न सोडता तिच्यातली वीज मोजणारा चिमटा) निगेटिव्ह केबलभोवती लावा. आकडा जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका, कारण फ्यूज काढला-घातला की मॉड्यूल जागं होतं आणि मोजमाप बिघडतं. त्याऐवजी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर लावा. झोपलेल्या गाडीत जिथे मिलिव्होल्ट दिसतात, त्या फ्यूजमधून वीज वाहते आहे. त्या फ्यूजवर काय काय आहे ते आकृतीत बघा.

तिकडे जाण्याआधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढून बघा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये कायम खोचलेलं डोंगल. डोंगल बसशी बोलत राहतं आणि अख्खी गाडी रात्रभर जागी राहते. माझ्या मते गळतीचा शोध इथूनच सुरू व्हावा, कारण याला दोन मिनिटं लागतात. किल्ली गाडीलगतच्या भिंतीवर टांगायची सवय असेल तर तीही बदला.

नवी बॅटरी लावली तर

एजीएमच्या जागी एजीएमच, तेवढ्याच क्षमतेची. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी स्कॅनरने गाडीच्या कंट्रोलरमध्ये नोंदवावी लागते. नाही नोंदवली तर गाडी तिला जुनी समजून तसंच चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर मरते. प्रकार किंवा क्षमता बदलली तर कोडिंगही बदलावं लागतं. ऑडीत व्हीसीडीएसमधून ६१ क्रमांकाच्या पत्त्यावर, म्हणजे त्या क्रमांकाच्या कंट्रोलरमध्ये, बॅटरीची माहिती भरतात. जुनीच बॅटरी चार्ज करून परत लावली असेल तर नोंदणीची गरज नाही. कोणी त्याचे पैसे मागितले तर का ते विचारा.

घरापासून दूर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि मालक दुबईत किंवा न्यू जर्सीत, अशी कितीतरी घरं आहेत. शेजाऱ्याला "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू कर" म्हणून सांगितल्याने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फला गेलेलीही भरून निघत नाही. पार्किंगमध्ये सॉकेट मिळत असेल तर एजीएमला चालणारा मेंटेनन्स चार्जर बॉनेटखालच्या टोकांना लावून ठेवा. नसेल तर महिन्यातून एकदा पाऊण-एक तास हायवेवर फेरी मारायला कोणाला तरी सांगा. चार-सहा महिन्यांसाठी निघताना निगेटिव्ह सोडून जाणार असाल, तर डिकी उघडायची सोय आधी बघा आणि धातूची किल्ली कोणाकडे आहे ते घरच्यांना सांगून ठेवा.